पात्रांचें वेषांतर आणि जन्मांतर

एखादें पात्र वाचकांच्या मनांत घर करून बसलें, म्हणजे तें एकट्या लेखकाच्या ताब्यांत राहत नाहीं. ग्रंथ मिटल्यावरहि वाचक त्याच्याशीं बोलत असतात. त्यानें अमक्या प्रसंगीं काय केलें असतें, तमक्या घरीं तें जन्मास आलें असतें तर त्याची काय गत झाली असती, असे तर्क लढवीत असतात. पूर्वीं हे तर्क माजघरांतल्या गप्पांत विरून जात. अलीकडे तरुण वाचकांनीं त्यांना लेखी रूप दिलें आहे. चारसहा जण एकत्र येतात, एखाद्या प्रसिद्ध कादंबरींतील पात्रें आपसांत वांटून घेतात, आणि ज्यानें जें पात्र पत्करलें त्यानें त्या पात्राच्या तोंडून एकेक उतारा आळीपाळीनें लिहावयाचा, असा हा खेळ असतो. त्याला रंगभूमि लागत नाहीं, पडदा लागत नाहीं. लिहिणाराच नट, लिहिणाराच नाटककार आणि लिहिणाराच प्रेक्षक.

या खेळांतला एक प्रकार विशेष वादाचा झाला आहे. मूळ ग्रंथांत जें पात्र गोऱ्या इंग्रजाचें म्हणून सर्वांना ठाऊक असतें, त्यालाच एखादा खेळणारा भारतीय, आफ्रिकी किंवा चिनी वंशाचें करून टाकतो. नांव पुष्कळदां तेंच, स्वभाव तोच, पराक्रमहि तेच. पालटतें तें कूळ. कोणी म्हणतात, हा मूळ लेखकावर अन्याय आहे. कोणी म्हणतात, हा वाचकाचा हक्कच आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी असें कांहीं लिहीत बसली असेल, तर आईबापांनीं हंसावें, रागवावें कीं कौतुक करावें, हेंच त्यांना कळेनासें होतें. म्हणून, श्रोतेहो, या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करणें अवश्य आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, महाराष्ट्राला ही गोष्ट मुळींच नवी नाहीं. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस होते. त्या तुरुंगवासांत आगरकरांनीं शेक्सपीअरच्या 'हॅम्लेट'ला मराठी रूप दिलें. तें 'विकारविलसित' या नांवानें १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. डेन्मार्कचा राजपुत्र त्यांत चंद्रसेन झाला. पुढें गोविंद बल्लाळ देवल यांनीं 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलें, आणि वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनीं 'दि टेमिंग ऑफ दि श्रू' या नाटकावरून 'त्राटिका' रचली. शाहूनगरवासी नाटक मंडळींत गणपतराव जोशी चंद्रसेनाच्या भूमिकेंत उभे राहत, तेव्हां डेन्मार्क नकाशावर कोठें आहे हें प्रेक्षकांना ठाऊक असण्याची गरज पडत नसे. 'त्राटिका' हें नांवच पाहा. इटलींतील पादुआ शहरची तोंडाळ कॅथरीना मराठींत आली ती रामायणांतील राक्षसीचें नांव धारण करून. त्या एका नांवानें प्रेक्षकाला तिच्या स्वभावाची अर्धी ओळख पटवून दिली.

हा व्यवहार एकमार्गीहि नाहीं. आपल्याकडील पात्रें परदेशीं जाऊन तेथलीं झालीं आहेत. जावा बेटांतील छायाबाहुल्यांच्या खेळांत अर्जुन आणि भीम शतकानुशतकें वावरत आले आहेत. त्यांच्या सोबतीला सेमार नांवाचा एक विनोदी आणि शहाणा सेवक असतो, त्याचा व्यासांच्या महाभारतांत पत्ताहि नाहीं. थायलंडांत रामकथा 'रामकिएन' झाली, आणि त्या देशाच्या जुन्या राजधानीला अयोध्येवरूनच अयुध्या हें नांव पडलें. हें ऐकून आपल्याला राग येत नाहीं, अभिमानच वाटतो.

मग वाद कशाचा? तो समजण्यासाठीं दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. एक वेषांतर आणि दुसरें जन्मांतर. वेषांतरांत पात्राचे कपडे, नांव आणि कातडीचा रंग पालटतो, पण त्याचें आयुष्य पूर्वींचेंच राहतें. जन्मांतरांत पात्र नव्या घरीं खरोखर जन्म घेतें. त्या घरची भाषा, भीति, लाज, अभिमान, देणींघेणीं हीं सर्व त्याला चिकटतात, आणि त्यामुळें त्याच्या मूळच्या स्वभावाला नवीं वळणें घ्यावीं लागतात.

जन्मांतराचें उत्तम उदाहरण मराठी रंगभूमीवरच आहे. वि. वा. शिरवाडकरांचें 'नटसम्राट' १९७० सालीं रंगभूमीवर आलें. त्याच्या मागें शेक्सपीअरचा राजा लिअर उभा आहे, हें सर्वश्रुत आहे. पण शिरवाडकरांनीं लिअरला नुसतें धोतर नेसवून मराठी केलें नाहीं. मध्यमवर्गीय मराठी घरांत वांटून द्यावयाला राज्य कोठलें? तेथें असते ती आयुष्यभराची पुंजी. लिअरला तीन मुली. गणपतराव बेलवलकरांना एक मुलगा आणि एक मुलगी. लिअरची राणी नाटकांत दिसतच नाहीं; येथें मात्र कावेरी आहे, आणि मुलांच्या दारीं होणाऱ्या अपमानाची झळ नवऱ्याबरोबर तीहि सोसते. राजाचें राज्य गेलें म्हणजे तो उघडा पडतो. म्हातारा नट रंगभूमीवरून उतरला म्हणजे त्याच्याजवळ पूर्वीं गाजविलेलीं भाषणें तेवढीं उरतात. वार्धक्यांत सर्वस्व देऊन टाकणाऱ्या बापाचा प्रश्न दोन्हींकडे एकच आहे, पण तो प्रश्न येथें मराठी घरांतल्या भिंतींत राहावयास आला आहे. त्यामुळेंच लिअरचें नांवहि न ऐकलेल्या प्रेक्षकांनीं हें नाटक पाहून डोळे पुसले.

पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' १९७५ सालची. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्यें लंडनच्या रस्त्यावर फुलें विकणारी एलायझा आहे. ती मराठींत मंजुळा झाली. इंग्लंडांत माणसाच्या उच्चारांवरून त्याचा वर्ग ओळखला जातो. मराठींत 'ण' आणि 'न' यांच्या भेदावरून, शुद्ध-अशुद्ध बोलण्यावरून वर्गच नव्हे तर जातहि ओळखूं पाहतात, आणि त्यावरून कोणाला खुर्ची द्यावयाची व कोणाला दारांत उभें ठेवावयाचें हें ठरवितात. शॉच्या नाटकांतला प्रश्न महाराष्ट्रांत आधींपासूनच होता. देशपांड्यांनीं त्याला तोंड दिलें. प्रश्न येथें नसता, तर मंजुळा ही केवळ नऊवारी नेसलेली इंग्रज मुलगी झाली असती.

यावरून एक कसोटी हातीं लागते. पात्राच्या पोटांत जो प्रश्न आहे, तो नव्या कुळांत जिवंत राहतो कीं नाहीं, हें पाहावयाचें. कांहीं पात्रांत तर कूळ हीच सर्व कथेची गांठ असते. 'ऑथेल्लो' घ्या. व्हेनिसच्या गोऱ्या समाजाला हा काळा वीर सेनापति म्हणून हवा असतो, जांवई म्हणून नको असतो. इंग्लंड-अमेरिकेंत दीर्घ काळ गोरे नट तोंडाला काळा रंग फांसून ही भूमिका करीत आले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहांत १८३३ सालीं आयरा आल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटानें ती केली, तेव्हां मोठी खळबळ उडाली. १९४३ सालीं पॉल रोबसन यानें न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ऑथेल्लो उभा केला, आणि त्याचे २९६ प्रयोग झाले. ज्या देशांत त्या काळीं कित्येक ठिकाणीं गोऱ्या आणि काळ्या माणसांना एका बाकावर बसण्याची बंदी होती, तेथें ती कथा प्रेक्षकांच्या अगदीं अंगाशीं आली.

आतां तेंच पात्र उत्तर प्रदेशांत आणावयाचें असेल तर काय करावें? विशाल भारद्वाज यांनीं २००६ सालीं 'ओंकारा' हा चित्रपट काढला. ऑथेल्लोचा नुसता काळा वर्ण आणून तेथें भागलें नसतें. म्हणून ओंकारा हा ब्राह्मण बापाचा आणि खालच्या मानलेल्या जातींतील आईचा मुलगा दाखविला आहे. लोक त्याच्या बळाला भितात आणि त्याच्या जन्मावर टोमणे मारतात. मुळांतील रुमालाच्या जागीं कमरबंद आला आहे. येथें वंशाचा प्रश्न जातीच्या प्रश्नांत उतरला, आणि म्हणूनच तो तेथल्या मातींत रुजला.

याउलट शायलॉकचें पाहा. 'दि मर्चंट ऑफ व्हेनिस'मधील हा ज्यू सावकार. एखाद्याला वाटेल, त्याला मराठी करणें सोपें आहे. कोंकणांत बेने इस्रायल ज्यू आहेतच, त्यांच्यांतला एक घ्यावा. पण बेने इस्रायल हे कुलाबा जिल्ह्यांत तेल गाळण्याचा धंदा करीत, शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांना शनवार तेली म्हणत. यूरोपांत ज्यूंचा जो छळ झाला, तसा येथें झाला नाहीं. शायलॉकच्या सूडबुद्धीमागें पिढ्यानुपिढ्यांचा अपमान आहे. तो अपमान वगळला तर उरतो तो केवळ एक दुष्ट सावकार, आणि तोहि एका निरुपद्रवी समाजाच्या माथीं मारलेला. धर्म तोच असूनहि जन्म जुळत नाहीं. अशा ठिकाणीं नांव बरोबर येतें आणि माणूस खोटा ठरतो.

आतां तरुणांच्या लेखी खेळाकडे वळूं. त्यांत 'हॅरी पॉटर'च्या कादंबऱ्यांइतकीं पात्रें क्वचितच दुसऱ्या कशांतून घेतलीं जात असतील. त्या मालेंतील पहिली कादंबरी १९९७ सालीं निघाली. तींतील हर्मायनी ही अभ्यासू, हट्टी आणि न्यायप्रिय मुलगी अनेक वाचकांनीं कृष्णवर्णीय कल्पिली आणि तसें लिहिलें. पुढें २०१६ सालीं लंडनला त्या कथामालेवरील नाटक झालें, त्यांत मोठ्या वयाच्या हर्मायनीची भूमिका नोमा दुमेझ्वेनी या कृष्णवर्णीय नटीनें केली. पुष्कळांनीं आरडाओरड केली. तेव्हां लेखिका जे. के. रोलिंग यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, तिचे डोळे पिंगट, केंस राठ आणि बुद्धि तल्लख एवढेंच ठरलेलें आहे. गोरा वर्ण कोठें नेमून दिलेला नाहीं.

या कल्पनेंत नुसता रंगाचा पालट नाहीं, हें कथा जाणणाऱ्यांच्या लगेच ध्यानांत येईल. हर्मायनीचे आईबाप जादूगार नव्हेत, दांतांचे डॉक्टर आहेत. त्यामुळें 'शुद्ध रक्ता'चा तोरा मिरविणारे जादूगार तिला जन्मावरून घाणेरडी शिवी देतात. गुलामासारखे राबविले जाणारे घरगडी मुक्त व्हावेत म्हणून ती चळवळ करते आणि तिचे मित्रच तिची थट्टा करतात. हीच मुलगी गुलामगिरी भोगलेल्या लोकांच्या वंशांतली आहे असें मानलें, तर ती शिवी अधिक बोंचते आणि ती थट्टा अधिक क्रूर वाटते. मूळ कथेचा एक शब्द न बदलतां तिचा अर्थ खोल जातो. येथें कूळपालट हा कथेचा मारेकरी नसून भाष्यकार ठरतो.

त्याच कादंबऱ्यांत मराठी घरांना विचार करावयाला लावणारी आणखी एक गोष्ट आहे. हॅरीच्या वर्गांत पार्वती पाटील आहे, आणि तिची जुळी बहीण पद्मा दुसऱ्या गटांत आहे. पाटील हें आडनांव महाराष्ट्राच्या किती जवळचें, तें सांगणें नकोच. पण सात ग्रंथांत या दोघी करतात काय? चौथ्या ग्रंथांतील नृत्यसमारंभांत त्या हॅरी आणि रॉन यांच्या जोडीला येतात, आणि ते दोघे त्यांच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. त्या कोणत्या गांवच्या, त्यांच्या घरीं कोणती भाषा बोलतात, त्यांच्या आजीला ही जादूची विद्या पसंत आहे कीं नाहीं, याचा कोठें उल्लेख नाहीं. वाचतां वाचतां एखादी मराठी मुलगी आपलें आडनांव पाहून हरखते, आणि मग ध्यानांत येतें कीं, आपण येथें केवळ गर्दी भरण्यासाठीं आहों. कित्येक तरुण वाचकांनीं हॅरीचे वडीलच भारतीय वंशाचे होते असें कल्पून लिहिलें आहे, त्याचें मूळ येथें सांपडतें. मावशीच्या घरीं जिन्याखालच्या खोलींत कोंडलेला, आपल्या आईबापांविषयीं कांहींहि न सांगितला गेलेला पोर. त्याला स्वतःची भाषा, सण, नातलग यांचा शोध लागत जातो, ही कल्पना परदेशीं वाढणाऱ्या भारतीय मुलांच्या काळजाला भिडणारी आहे. मूळ नायकाचें दुःख तिनें हिरावून घेतलें नाहीं. त्यांत आपलें दुःख मिळविलें.

कोणी विचारील, मग उलट दिशेनें पालट केला तर बिघडलें कुठें? गोऱ्याला सांवळा करावयाची मुभा, तर सांवळ्याला गोरा करावयाची कां नाहीं? हा आक्षेप तर्कशुद्ध दिसतो. पण व्यवहारांत दोन्ही बाजू सारख्या नाहींत. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ सालच्या 'ए विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीचा नायक गेड याचा वर्ण लेखिकेनें मुद्दाम तांबूस तपकिरी ठेवला होता. २००४ सालीं त्या कथेवर दूरचित्रवाणीसाठीं मालिका काढली, तेव्हां तो गोरा करण्यांत आला, आणि लेखिकेनें त्याचा उघड निषेध केला. गोऱ्या मुलाला गोरे नायक पुस्तकांच्या प्रत्येक फळीवर मिळतात. त्याच्या वांट्याचा एक कमी झाला तरी त्याचें कपाट भरलेलेंच राहतें. ज्याच्या वांट्याला एकच नायक आला, त्याचा तोहि काढून घेतला तर त्याच्याजवळ काय उरणार?

यांत किती गंभीर गोष्ट गुंतलेली आहे, हें २०१२ सालीं दिसून आलें. सुझन कॉलिन्स यांच्या 'दि हंगर गेम्स' या २००८ सालच्या कादंबरींत रू नांवाची बारा वर्षांची मुलगी आहे. तिचा मृत्यु हा त्या कथेंतला अत्यंत करुण प्रसंग. तिची कातडी गडद तपकिरी असल्याचें पुस्तकांत स्पष्ट लिहिलेलें आहे. तरीहि चित्रपटांत ती भूमिका कृष्णवर्णीय मुलीनें केलेली पाहून कांहीं वाचक चिडले. त्यांनीं छापलेलें वर्णन वाचूनहि न वाचल्यासारखें केलें होतें आणि मनांत गोरी मुलगी उभी केली होती. कोणी तर असेंहि बोलून दाखविलें कीं, ती काळी आहे हें कळल्यावर तिच्या मृत्यूचें दुःख तितकें वाटलें नाहीं. एका लहान मुलीच्या मरणावर आलेले डोळ्यांतले अश्रु तिच्या कातडीचा रंग पाहून आटतात, हें ऐकल्यावर पात्रांच्या कुळाचा प्रश्न केवळ करमणुकीचा आहे असें कोण म्हणेल?

मात्र न्याय दुसऱ्याला सांगतांना स्वतःलाहि लावून पाहावा. पीटर ब्रूक यांनीं १९८५ सालीं फ्रान्समध्यें आव्हिन्याँ येथें महाभारताचा नऊ तासांचा प्रयोग केला. त्यांत भीष्म बुर्किना फासोचे सोटिगी कुयाटे, तर भीम सेनेगलचे मामादू द्यूम होते. द्रौपदी मल्लिका साराभाई. आफ्रिकी भीम पाहून ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्यानें मराठी चंद्रसेन आठवावा. भारतांतील कांहीं टीकाकारांनीं या प्रयोगावर कडक टीका केली, पण त्यांच्या टीकेचा मुख्य रोख नटांच्या वर्णावर नव्हता. धर्म, जात, कर्म यांचा जो संदर्भ महाभारताला आहे तो गळून गेला, ही त्यांची तक्रार होती. तिच्याशीं कोणी सहमत असो वा नसो, ती विचारपूर्वक केलेली होती. वर्ण पालटला म्हणून ओरडणें निराळें, आणि अर्थ हरवला म्हणून खंत करणें निराळें.

तेव्हां लेखनाचा हा खेळ खेळणाऱ्यांनीं कोणतें पथ्य पाळावें? पहिलें हें कीं, कूळ पालटण्याला कांहींतरी कारण असावें. केवळ नवलाईसाठीं पात्राच्या कपाळावर टिकली लावणें आणि हातांत समोसा देणें, यांत ना पात्राचें भलें, ना भारताचें. दुसरें हें कीं, पालट केल्यावर त्याचे परिणामहि पत्करावे. मुलगी मराठी केली, तर ती आईला काय म्हणून हांक मारते, रागावली म्हणजे कोणत्या भाषेंत बोलते, वर्गांत तिचें नांव कोण चुकीचें उच्चारतें, हें लिहिणाऱ्याला ठाऊक असलें पाहिजे. नांव बंगाली, सण पंजाबी आणि जेवण मद्रासी, अशी खिचडी झाली म्हणजे समजावें कीं, लिहिणाऱ्यानें माणूस पाहिलेला नाहीं, फक्त देशाचें नांव ऐकलें आहे. तिसरें पथ्य सर्वांत महत्त्वाचें. ज्या समाजाचें कूळ पात्राला दिलें, त्या समाजांतील वाचक तो उतारा वाचील, हें धरूनच लिहावें. त्याला त्यांत स्वतःची ओळख पटली पाहिजे. स्वतःची नक्कल केलेली दिसूं नये. दुसऱ्याचें दुःख उसनें घेतांना तें जपून वापरावें लागतें.

आईबापांसाठींहि एक सूचना करण्यासारखी आहे. घरांतली मुलगी हर्मायनीला सांगलीची किंवा हॅरीला नागपुरच्या आजोबांचा नातू करून लिहीत असेल, तर तिला वेळ फुकट घालविल्याबद्दल बोलूं नये. तिनें लिहिलेलें मागून घेऊन वाचावें आणि तिला प्रश्न विचारावे: या नव्या हॅरीची आजी कोण? तिनें नातवाला कां शोधलें नाहीं? शोधलें असेल तर तिला दार कोणी उघडूं दिलें नाहीं? अशा प्रश्नांचीं उत्तरें लिहितांना मुलीला परक्या पात्राबरोबर स्वतःच्या घराचीहि नीट ओळख होईल. आगरकरांनीं तुरुंगांत हॅम्लेटला हात घातला, तेव्हां त्यांनींहि परक्याचें पात्र आपल्या भाषेंत आणून तेंच काम केलें होतें. फरक इतकाच कीं, त्या काळीं हें काम विद्वानांच्या टांकाला साजणारें मानीत असत, आणि आज तें शाळेंत जाणाऱ्या मुलीच्या वहींतहि चाललें आहे.